शहराच्या पोटात बोगदा, वर जुनी वास्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेट्रो, सांडपाण्याचा मोठा बोगदा किंवा खोल तळघराचं काम जाहीर झालं, की त्या रस्त्यावरच्या जुन्या इमारतींचे मालक, विश्वस्त, भाडेकरू आणि तिथे रोज ये-जा करणारी माणसं साधारण हेच प्रश्न विचारतात. जिथे अभियंत्यांमध्येच एकमत नाही तिथे माझं मत दिलं आहे, आणि ते मत आहे हे वाचताना कळेल.

बोगदा इतका खोल असतो, मग वरची जमीन खचते कशी?

बोगद्याच्या आकारापेक्षा थोडी जास्त माती निघते म्हणून. टनेल बोअरिंग मशीन, म्हणजे टीबीएम, पुढे सरकतं तेव्हा तोंडासमोरची माती यंत्राकडे किंचित ढळते. यंत्राचं कवच मागे जरासं निमुळतं असतं, तिथे फट राहते. कवचाच्या मागे काँक्रीटच्या सेगमेंटची, म्हणजे वक्र तुकड्यांची, कडी बसवतात. ती कवचापेक्षा लहान, त्यामुळे तिच्याभोवतीही पोकळी उरते. ही पोकळी ताबडतोब ग्राउटने, म्हणजे दाबाने सोडलेल्या पातळ गाऱ्याने, भरतात, पण ती पूर्णपणे कधीच भरत नाही. या सगळ्या तुटीची बेरीज म्हणजे ‘व्हॉल्यूम लॉस’. तो बोगद्याच्या आकारमानाच्या टक्केवारीत सांगतात. बंद तोंडाचं, म्हणजे समोरच्या मातीला दाबून धरणारं, चांगलं यंत्र, जाणत्या हातात असेल तर, तो १ टक्क्याच्या आत ठेवतं.

आकड्यांत पाहू. बोगद्याचा व्यास ६.५ मीटर, मध्य २० मीटर खोल, माती चिकण आणि तूट १ टक्का धरली, तर दर मीटर लांबीला सुमारे ०.३३ घनमीटर माती जादा निघते. वर पोहोचेपर्यंत ही तूट पसरते. बोगद्याच्या नेमकी वर जमीन सुमारे १३ मिमी बसते आणि दोन्ही बाजूंना कमी कमी होत २५ ते ३० मीटरवर काही उरत नाही. जमिनीवर पडणाऱ्या या उथळ घळीचा घंटेसारखा वक्र अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडला. अभियंते पहिला अंदाज अजूनही त्यावरूनच काढतात. माती वाळूची असेल तर घळ अरुंद आणि खोल होते. याच उदाहरणात २० मिमीच्या वर जाते. म्हणजे तोच बोगदा, तेच यंत्र, पण माती बदलली की वरच्या इमारतीचं नशीब बदलतं.

किती मिलिमीटर खचलं की घाबरायचं?

हा प्रश्न सगळेच विचारतात, पण नुसत्या मिलिमीटरवरून काही ठरत नाही. अख्खी इमारत एकसारखी २० मिमी खाली गेली तर नळजोड आणि गटाराची जोडणी सोडून कुणाला पत्ताही लागणार नाही. एक कोपरा २० मिमी खाली गेला आणि दुसरा जागच्या जागी राहिला, तर मधली भिंत ताणली जाते. दगड आणि वीट दाब कितीही सोसतील, ताण सोसत नाहीत.

चाळणी लावायला एक ढोबळ नियम वापरतात: खचणं १० मिमीच्या आत आणि जमिनीचा उतार ५०० ला १ पेक्षा कमी असेल तर सामान्य इमारतीला इजा होण्याची शक्यता नगण्य. त्यापलीकडे गेलं की त्या इमारतीचा स्वतंत्र हिशेब. वर घेतलेल्या उदाहरणात उतार १२०० ला १ च्या आसपास, म्हणजे निवांत. पण १३ मिमीमुळे इमारत चाळणीत अडकते. हेरिटेज वास्तूचा स्वतंत्र हिशेब ती चाळणीतून सुटली तरी करावा, असं माझं ठाम मत आहे.

आता एक विचित्र वाटणारी गोष्ट. घळीच्या मधोमध बसलेली इमारत मध्ये दबते, तिच्या भिंतींचा ताण खालच्या बाजूला येतो, आणि तिथे पाया तिला धरून ठेवतो. घळीच्या काठावरच्या इमारतीचं एक टोक खाली झुकतं, ताण भिंतीच्या माथ्यावर येतो, आणि तिथे धरणारं कुणीच नसतं. म्हणून कधी कधी बोगद्याच्या अगदी डोक्यावरची वास्तू शाबूत राहते आणि बाजूची, पंधरा मीटरवरची, वरून खाली तडकते. ‘आमच्या खालून जात नाही ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

भेगांची वर्गवारी जॉन बर्लंड आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये केली, ती जगभर चालते. ० ते ५ अशा पायऱ्या: केसासारखी ०.१ मिमीची भेग शून्यात, १ मिमीपर्यंत पहिली, ५ मिमीपर्यंत दुसरी, १५ पर्यंत तिसरी, २५ पर्यंत चौथी, त्यापुढे पाचवी. दुसऱ्या पायरीपर्यंतचं नुकसान ‘दिसण्यापुरतं’ मानतात, कारण ते रंगसफेदीत झाकता येतं. साध्या घराला हे ठीक. पण १ मिमीची भेग भित्तिचित्रातल्या चेहऱ्यावरून गेली तर ती ‘अगदी किरकोळ’ कशी? कागदोपत्री मात्र ती तशीच नोंदली जाते. तेव्हा वर्गवारी मान्य करताना वास्तूच्या कोणत्या भागाला कोणती पायरी चालेल हे आधी लिहून घ्या. साध्या मागच्या भिंतीला एक मर्यादा, चित्रित छताला दुसरी.

यंत्राच्या हादऱ्यांनीच तडे जातात ना?

क्वचित. हादरे जाणवतात म्हणून दोष त्यांच्या माथी जातो. माणसाच्या अंगाला सेकंदाला ०.३ मिमी वेगाचं कंपनही कळतं. जर्मनीच्या डीआयएन ४१५० मानकात नाजूक जुन्या वास्तूंसाठी पायाशी, कमी वारंवारितेला, ३ मिमी प्रतिसेकंद ही मर्यादा आहे. म्हणजे इमारतीला धोका पोहोचायच्या कितीतरी आधी आत बसलेला माणूस वैतागलेला असतो. मातीतून जाणारं टीबीएम सहसा या मर्यादेच्या खूप खाली राहतं. जपायचं ते खडकातल्या सुरुंगांना, पत्रे आणि खांब ठोकून रोवण्याच्या कामाला आणि रस्ता फोडणाऱ्या ब्रेकर यंत्राला. सैल, ओल्या वाळूत हादऱ्यांनी माती दबून बसते, तेवढा अपवाद मोठा आहे.

मग खरी भीती कशाची?

पाण्याची, आणि पाणी जिथे आत शिरतं त्या उघड्या खड्ड्यांची. लोकांचं सगळं लक्ष बोगद्याच्या यंत्राकडे असतं. गेल्या काही दशकांतल्या मोठ्या दुर्घटना पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याच स्टेशनच्या खड्ड्यात, शाफ्टमध्ये (खाली उतरायच्या उभ्या विहिरीत) किंवा रूळ बदलण्याच्या जागी घडलेल्या दिसतात.

ॲमस्टरडॅमची उत्तर-दक्षिण मेट्रो घ्या. शहराची जुनी घरं मऊ जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबांवर उभी. सगळ्यांना धास्ती होती टीबीएमची. प्रत्यक्षात २००८ मध्ये फेझलग्राख्त स्टेशनच्या खड्ड्याची भिंत गळली. जमिनीत काँक्रीट ओतून केलेल्या डायफ्रॅम वॉलमध्ये एक सदोष जागा राहिली होती, त्यातून पाण्यासोबत वाळू आत आली आणि शेजारची सतराव्या शतकातली विणकरांची घरं काही तासांत दहा सेंटिमीटरहून जास्त खचली. तीन महिन्यांत त्याच स्टेशनवर हाच प्रकार पुन्हा घडला. काम थांबलं, पद्धत बदलली. नंतर टीबीएम त्या शहराखालून गेलं ते कसलाही गाजावाजा न होता, आणि मार्ग २०१८ मध्ये सुरू झाला.

जर्मनीतल्या कोलोनमधलं प्रकरण याहून दुःखद. ३ मार्च २००९ रोजी शहराच्या अभिलेखागाराची इमारत मेट्रोच्या खड्ड्याच्या दिशेने कोसळली. कामगारांनी ओरडून सावध केल्यामुळे आतली माणसं बाहेर पडली, पण शेजारच्या घरातले दोन तरुण गेले. इमारत १९७१ ची, म्हणजे ‘जुनी वास्तू’ या यादीत ती बसतही नव्हती. आत मात्र हजार वर्षांचे कागद होते, मांडणीवर सुमारे ३० किलोमीटर. बहुतेक ढिगाऱ्यातून काढले, ओले आणि फाटलेले. दुरुस्ती अजून संपलेली नाही. कारण पुन्हा तेच, डायफ्रॅम वॉलमधला दोष आणि तिथून आत वाहून आलेली माती व पाणी. या मार्गाच्या कामात २००४ मध्येच सेंट योहान बाप्टिस्ट चर्चचा मनोरा पाऊण मीटरने कलला होता. तो पुढे सरळ केला गेला आणि काम चालू राहिलं.

कोलकात्यात बऊबाजारला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी टीबीएमने जमिनीखालचा पाण्याचा साठा फोडला. इथे यंत्रच कारण ठरलं, पण मारक ठरलं ते पाणी. जुन्या दाटीच्या वस्तीतली घरं तडकली, काही पडली, शेकडो लोकांना रातोरात बाहेर काढावं लागलं. २०२२ मध्ये त्याच परिसरात पुन्हा तडे गेले.

म्हणून बैठकीत विचारायचा पहिला प्रश्न ‘यंत्र कोणत्या कंपनीचं’ हा नाही. विचारा: खड्ड्याच्या भिंतीचे सांधे कसे तपासणार? गळती दिसली तर पहिल्या तासात काय करणार, आणि त्याचं सामान जागेवर आहे का? उत्तर गुळमुळीत आलं, तर घोडं इथेच पेंड खाणार हे समजा.

पाणी उपसल्याने दूरच्या इमारतीलाही धोका असतो का?

असतो, आणि तो बोगद्याच्या घळीपेक्षा खूप लांब पोहोचतो. खड्डा कोरडा ठेवायला पाणी उपसलं की आजूबाजूची भूजलपातळी उतरते. मातीतल्या पाण्याने तोलून धरलेलं वजन मातीच्या कणांवर येतं आणि मऊ थर दबतात. इमारत लाकडी खांबांवर असेल तर दुहेरी संकट: पाण्याखाली लाकूड शतकानुशतकं टिकतं, डोकं हवेत उघडं पडलं की कुजायला लागतं. यावर उपाय म्हणजे उपसलेलं पाणी भोवतीच्या विहिरींतून परत जमिनीत सोडणं, किंवा मुळात पाणी आत येऊच न देणारी भिंत. वास्तूजवळ पिझोमीटर, म्हणजे भूजल मोजणारी नळी, बसवलेली नसेल तर तिचा आग्रह धरा. ही सगळ्यात स्वस्त नळी सगळ्यात आधी बोलते.

दोनशे वर्षं उभी असलेली इमारत मजबूत समजायची की नाजूक?

दोन्ही. जाड भिंती आणि चुन्याचा गारा असलेली इमारत सिमेंटच्या बांधकामापेक्षा समजूतदार असते. चुना मऊ असतो, हळूहळू सरकतो, बारीक भेग सांध्यातून जाते आणि दगड वाचतो. बारीक भेगा तर ओलाव्याने काही वेळा आपोआप बुजतातही. काही सेंटिमीटर वाकड्या झालेल्या अनेक जुन्या भिंती याच कारणाने उभ्या आहेत.

बिघडतं ते मधल्या काळातल्या दुरुस्त्यांनी. कुणीतरी सांधे सिमेंटने भरलेले असतात. आता भेग सांध्यात मावत नाही आणि दगडच फोडते. कुणी मधली भिंत पाडून लोखंडी तुळई टाकलेली असते. कुणी एका बाजूला नवा जिना जोडलेला असतो, वेगळ्या पायावर. मूळ इमारत आणि जोडकाम वेगवेगळ्या मापाने खचतात, तडा नेमका जोडावर. कमानी आणि घुमट यांचं दुखणं वेगळं: त्यांचे टेकू काही मिलिमीटर फाकले की माथ्याला भेग पडते.

शिवाय जमिनीखालचं अज्ञात. बुजवलेल्या विहिरी, जुनी गटारं, विसरलेली तळघरं. दाबाने सोडलेलं ग्राउट अशा पोकळीत शिरतं आणि भलतीकडेच निघतं. वास्तूत वर्षानुवर्षं वावरलेल्या माणसाला इथे विहीर होती हे ठाऊक असतं. नकाशावर ते नसतं. त्या माणसाला पाहणीच्या वेळी बोलावून घ्या.

काम सुरू होण्याआधीची पाहणी कशी असावी?

पुढचे सगळे वाद या एका कागदावर मिटतात किंवा पेटतात. ‘भिंतीला किरकोळ भेगा आढळल्या’ हे वाक्य असलेला अहवाल परत पाठवा. कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीवर, किती लांब, किती रुंद?

चांगली पाहणी अशी दिसते. पाहणारा माणूस खोलीत शिरून दारापासून घड्याळाच्या दिशेने भिंती घेतो. भेगेवर पारदर्शक मापपट्टी धरतो, तिच्यावरच्या वेगवेगळ्या जाडीच्या रेघांतली कुठली भेगेशी जुळते ते पाहतो आणि आकडा पट्टीसकट फोटोत घेतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची आडवी खूण आणि तारीख करतो. हे टोक महत्त्वाचं: रुंदीवर हुज्जत घालता येते, पण खुणेच्या पुढे सरकलेल्या टोकावर नाही. भेगेच्या आत धूळ, जाळी किंवा जुना रंग आहे का तेही लिहितो. आतून स्वच्छ असलेली भेग बहुधा नवी. मग गिलाव्यावर बोटाने टकटक करत जातो. पोकळ आवाज आला तिथे गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो आणि काम सुरू झाल्यावर पहिला तोच पडेल. दारं-खिडक्या उघडझाप करून पाहतो, कुठलं दार घासतं ते नोंदतो. छप्पर, कठडे, कळस, घंटेचा मनोरा, तळघर, गच्चीवरची पाण्याची टाकी, काही सुटत नाही.

भित्तिचित्रं किंवा घडीव नक्षी असेल तर लेझर स्कॅन करून घ्या. अहवालावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात आणि एक प्रत तुमच्याकडे हवी, कंत्राटदाराच्या कपाटात नव्हे. पाहणी बोगदा पोहोचायच्या महिनाभर आधी करणं म्हणजे वरातीमागून घोडं. शक्य असेल तर वर्षभर आधी सुरुवात व्हावी. का, ते पुढच्या उत्तरात.

भिंतींवर लावलेली ती उपकरणं काय सांगतात?

समोरच्या इमारतीवर किंवा खांबावर बसवलेली, सतत माना वळवणारी पेटी म्हणजे स्वयंचलित टोटल स्टेशन. तुमच्या भिंतीवरचे काचेचे छोटे प्रिझम ती ठरावीक वेळाने पाहते आणि प्रत्येकाची जागा मिलिमीटरच्या आसपासच्या अचूकतेने मोजते. भेगेवर आडवं बसवलेलं ते क्रॅक मीटर. मनोऱ्यावर कल मोजणारं टिल्ट मीटर. जमिनीत खोलवर थर किती दबला ते मोजणारं एक्स्टेन्सोमीटर आणि जमीन आडवी किती सरकली ते मोजणारं इन्क्लिनोमीटर. हे दोन जास्त मोलाचे, कारण जमीन आधी खाली हलते, इमारत नंतर.

हे आकडे वाचायला शिकावं लागतं. जुनी दगडी भिंत रोज श्वास घेते. दुपारच्या उन्हात भिंत फुगते तशी भेग मिटते, पहाटे पुन्हा उघडते. मोठ्या दर्शनी भिंतीत हा फरक डोळ्यांना दिसत नसला तरी क्रॅक मीटरला सहज दिसतो. ऋतूंचा फेर त्याहून मोठा. वर्षभराची आधीची मोजणी हाताशी असेल तर ‘ही भेग दर उन्हाळ्यात इतकीच हलते’ असं म्हणता येतं. नसेल तर प्रत्येक हालचाल बोगद्याच्या खात्यावर जाते, नाहीतर तापमानाच्या, ज्याला जे सोयीचं असेल तसं. प्रत्येक क्रॅक मीटरशेजारी तापमानमापक हवाच.

काचपट्टी भेगेवर चिकटवून ती फुटते का पाहण्याची जुनी रीत अजून दिसते. ती फुटली एवढंच कळतं, किती आणि कधी ते नाही. नसण्यापेक्षा बरी, इतकंच.

मर्यादा ओलांडली तर काम लगेच थांबतं का?

माझ्या मते सगळ्या संरक्षणाचा कणा इथे आहे, आणि करारात सर्वांत ढिसाळ लिहिलेला भागही हाच असतो.

मोजणीला रंग देतात: हिरवा, पिवळा, लाल. पिवळ्यावर मोजणी वाढवायची आणि कारण शोधायचं, लालवर काम थांबवून ठरलेली उपाययोजना करायची. ऐकायला सोपं आहे. पण टीबीएम इमारतीच्या बरोबर खाली असताना ते थांबवणं हा अनेकदा सर्वांत वाईट निर्णय असतो. उभ्या यंत्राच्या तोंडाशी दाब टिकवणं अवघड जातं आणि माती कवचाभोवती बसत जाते. नाजूक वास्तूखालून यंत्र न थांबता, एका लयीत गेलेलं चांगलं. म्हणून थांबायची जागा आधी ठरवतात: वास्तूच्या पन्नास-शंभर मीटर अलीकडे यंत्र उभं करायचं, कटर बदलायचे, सगळी दुरुस्ती उरकायची, मागच्या पट्ट्यात प्रत्यक्ष तूट किती आली ते अंदाजाशी ताडायचं, आणि मगच पुढे जायला परवानगी द्यायची. तो अलीकडचा पट्टा म्हणजे परीक्षा. तिथे नापास झालेलं यंत्र वास्तूखाली जाऊ नये.

ही परवानगी कोण देतं? कंत्राटदाराचाच माणूस मोजणार, तोच अर्थ लावणार आणि तोच थांबवायचं की नाही ते ठरवणार, असं असेल तर उपकरणं शोभेची. मोजणी करणारा स्वतंत्र असावा, आकडे वास्तूच्या अभियंत्याला त्याच वेळी दिसावेत, आणि थांबवण्याचा अधिकार एका नेमक्या हुद्द्याला लेखी दिलेला असावा, रात्री दोन वाजताही फोन उचलणाऱ्या. समितीला अधिकार देणं म्हणजे कुणालाच न देणं. समिती सकाळी अकराला भरते.

यंत्राच्या आतला एक आकडाही मागून घ्या: प्रत्येक कडीमागे बाहेर आलेल्या मातीचं वजन. माती बाहेर आणणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरचा वजनकाटा हिशेबापेक्षा जास्त वजन दाखवत असेल, तर जमिनीत कुठेतरी पोकळी तयार होते आहे. ती वर यायला काही तास लागतात, कधी काही आठवडे.

वास्तू वाचवण्यासाठी प्रत्यक्ष काय करता येतं?

सर्वांत चांगला उपाय बोगद्याच्या आतच असतो: तोंडाचा दाब नीट राखणं आणि कडीमागची पोकळी वेळेत भरणं. इमारतीला हात लावायची वेळ त्यानंतरची.

लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर स्टेशनचा खड्डा सुमारे ३९ मीटर खोल, आणि बिग बेनच्या मनोऱ्यापासून त्याचं अंतर अवघं ३४ मीटरच्या आसपास. १९९० च्या दशकात ज्युबिली लाइन या मेट्रोच्या वाढीव मार्गासाठी तो खणताना ‘कॉम्पेन्सेशन ग्राउटिंग’ केलं. शाफ्टमधून मनोऱ्याच्या पायाखाली आडव्या नळ्यांचा पंखा पसरला, त्या नळ्यांना ठरावीक अंतरावर झडपा. मोजणी सांगेल तिथली झडप उघडून तेवढंच ग्राउट सोडायचं, म्हणजे खाली जाऊ पाहणारी माती तिथल्या तिथे उचलली जाते. हे नसतं तर घड्याळाच्या उंचीवर, ५५ मीटरवर, कल १०० मिमीच्या पलीकडे गेला असता असा हिशेब होता. प्रत्यक्षात तो सुमारे ३५ मिमीवर राहिला. या पद्धतीला सराईत हात लागतो. ग्राउट जास्त झालं तर इमारत उचलली जाऊन तडकते, आणि खचल्याने झालेली भेग असो की उचलल्याने, भिंतीला दोन्ही सारख्याच.

बार्सिलोनात दुसरा मार्ग निवडला. वेगवान रेल्वेचा बोगदा सग्रादा फमिलियाच्या दर्शनी बाजूला लागून जाणार होता. चर्च आणि बोगदा यांच्या मध्ये दीड मीटर व्यासाच्या १०४ खांबांची रांग जमिनीत रोवली आणि २०१० मध्ये यंत्र तिच्या पलीकडून काढलं. विरोधाचं वादळ बरंच झालं, चर्चला काही झालं नाही. अशी आडभिंत बोगदा बाजूने जात असेल तरच उपयोगाची.

गोठवणं हाही उपाय आहे: नळ्यांतून अतिथंड द्रव फिरवून ओली माती बर्फाइतकी घट्ट करतात. गोठताना माती फुगते आणि वितळताना बसते, तेव्हा फुकट काहीच मिळत नाही.

आधीच पाया मजबूत करून घेतला तर?

मोह होतो, पण सावध. जुन्या पायाखाली अर्ध्या भागात नवे खांब घातले की तो भाग अडून राहतो आणि उरलेला खचतो. शिवाय पायाखाली खणणं हेच मोठं ऑपरेशन. बोगद्याने केलं नसतं तेवढं नुकसान पाया मजबूत करताना झाल्याची उदाहरणं आहेत. पुष्कळदा योग्य उत्तर असं असतं: पायाला हात लावू नका, कमानींखाली तात्पुरते लाकडी आधार द्या, सैल कठडे बांधून घ्या, भिंतींना स्टीलच्या सळ्यांनी एकमेकींशी जखडा, आणि मोजत राहा.

मार्गच थोडा बाजूला किंवा खोल नेता येत नाही का?

आराखड्याच्या टप्प्यावर येतो, आणि तोच सगळ्यात स्वस्त उपाय. स्टेशनं ठरल्यावर फारसा येत नाही. गाडीला वळणाची मर्यादा असते. खोल नेल्याने घळ उथळ होते पण रुंद होते, जास्त इमारती तिच्या कक्षेत येतात, आणि स्टेशनचा खड्डा तितकाच खोल करावा लागतो. तो खड्डा किती त्रासदायक हे वर आलंच आहे.

खणताना जुने अवशेष सापडले तर?

काम थांबतं आणि वेळापत्रक कोलमडतं, हे गृहीत धरूनच आखणी करावी. इस्तंबूलमध्ये येनिकापी स्टेशनच्या जागी बायझंटाइन बंदर आणि ३७ जहाजांचे अवशेष निघाले. मार्मराय हा रेल्वेमार्ग बराच लांबला आणि २०१३ मध्ये सुरू झाला. ग्रीसमधल्या थेसालोनिकीत वेनिझेलू स्टेशनच्या जागी दुकानांसह जुना हमरस्ता मिळाला. तो उचलून पुन्हा तिथेच बसवायचा की जागेवर ठेवून स्टेशन बांधायचं, यावर वर्षानुवर्षं भांडण झालं. शेवटी उचलून परत बसवला आणि मेट्रो २०२४ च्या नोव्हेंबरअखेर धावली. उचललेला रस्ता तोच रस्ता राहतो का, यावर पुरातत्त्वज्ञ अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

टीबीएमचा बोगदा बहुधा वस्तीच्या थरांखालून जातो, अवशेषांना गाठतात ते स्टेशनं आणि शाफ्ट. इथेही पुन्हा खड्डाच.

नुकसान झालं तर भरपाई कशी ठरते?

दुरुस्तीचा खर्च मिळवणं तुलनेने सोपं, आधीची पाहणी चोख असेल तर. अवघड आहे ते न दिसणाऱ्या नुकसानीचं मोल. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चशेजारी जॉन हँकॉक या उत्तुंग इमारतीचा पाया खणताना चर्च खचलं आणि तडकलं. चर्च वापरात राहिलं, कोसळलं नाही. तरीही वास्तू उतरवून पुन्हा बांधावी लागेल त्या अवस्थेच्या दिशेने ती किती ढकलली गेली, त्या प्रमाणात भरपाई धरण्याची पद्धत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मान्य केली. वास्तूची सहनशक्तीची शिल्लक असते आणि कुणी ती खर्च केली तर पैसे त्याने द्यावेत, हा विचार मला फार पटतो. आपल्या करारात तो आणता येतो का, हे वकिलाला विचारा.

दुरुस्ती कोणत्या साहित्याने होणार हेही आधीच लिहून घ्या. चुन्याच्या भिंतीची भेग सिमेंटने किंवा इपॉक्सीने भरली तर दुसरी भेग तिच्या शेजारी पडते. आणि घाई नको: जमीन हलायची थांबेपर्यंत भेग भरू नये.

काम चालू असताना इमारत रिकामी करावी लागते का?

बहुतेक वेळा नाही. यंत्र खालून जाण्याचे एक-दोन दिवस काही जण खबरदारी म्हणून बाहेर ठेवतात. झुंबरं, टांगलेली चित्रं, काचेची कपाटं आणि सैल छत मात्र आधी बघा. रंगीत काचांच्या खिडक्या जागेवर ठेवायच्या की काढायच्या, हे काचेपेक्षा शिशाच्या पट्ट्यांच्या अवस्थेवरून ठरवा. कागदपत्रांचा मोठा साठा असेल तर तो हलवाच. कोलोननंतर याला दुसरं मत असू नये. आणि कालपर्यंत नीट लागणारं दार आज चौकटीला घासत असेल तर फोन करा, उपकरणांनी काही म्हटलं नसलं तरी.

गाड्या सुरू झाल्यावर काय?

इमारतीला धोका नसतो, पण खालून घुमणारा आवाज येऊ शकतो. शांत प्रार्थनास्थळ किंवा संगीतसभागृह असेल तर रुळांखाली रबरावर किंवा स्प्रिंगवर तरंगती स्लॅब टाकायची मागणी बांधकामापूर्वी करा. नंतर ती टाकता येत नाही.

मोजणी कधी बंद करायची, आणि उपकरणं काढल्यावर भिंतीचं काय?

वाळूत किंवा खडकात जमीन लवकर स्थिरावते. चिकणमातीत पाणी हळूहळू निघत राहतं आणि खचणं महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं चालतं. ‘काम संपलं’ या तारखेला मोजणी बंद करू नये. सलग वर्षभर, म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याचा एक पूर्ण फेर, आलेख आधीच्या वर्षासारखाच दिसला की बंद करावी. कच्चे आकडे, नुसते अहवाल नव्हेत, वास्तूच्या दप्तरी जमा करून घ्या. पन्नास वर्षांनी दुसरा बोगदा येईल तेव्हा ते लागतील.

भोकांचा प्रश्न छोटा वाटतो, पण तो बसवतानाच सोडवावा लागतो. प्रिझम आणि क्रॅक मीटर दगडात न ठोकता सांध्यातल्या गाऱ्यात बसवावेत, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत म्हणजे गंजाचे ओघळ येत नाहीत, आणि नक्षीवर किंवा रंगकामावर काहीही चिकटवू नये. काढल्यावर भोक चुन्याच्या गाऱ्यानेच भरायचं, आजूबाजूच्या सांध्याचा रंग जुळवून. हे काम कंत्राटदाराच्या शेवटच्या बिलाआधी उरकून घ्या. बिल निघाल्यावर शिडी घेऊन कुणी येत नाही.